पदवीला जोड कशाची?



निकालांचा मोसम आला की घरोघरी पेढे येतात, आप्तेष्ट अभिनंदन करतात, आणि आनंदाचा भर ओसरतो न ओसरतो तोच वडीलधाऱ्यांच्या तोंडून प्रश्न येतो : आता पुढे काय? पदवीधर मुलगा वा मुलगी या प्रश्नाचे उत्तर कसे शोधते, यावर तिच्या आयुष्याची पुढची कित्येक वर्षे अवलंबून असतात. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद, गोवे अशा ठिकाणी पिढ्यानपिढ्या वसलेल्या मराठी कुटुंबांना समोर ठेवून आज मला या उत्तराचा विचार करावयाचा आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०२४ साली भारतातील रोजगाराविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२ साली आपल्या देशातील पदवीधर तरुणांमध्ये बेकारीचे प्रमाण शेकडा २९.१ होते. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांमध्ये मात्र ते अवघे शेकडा ३.४ होते. शिकलेला रिकामा आणि न शिकलेला कामावर, हे कोडे पहिल्याने चमत्कारिक वाटते; पण त्याचा उलगडा कठीण नाही. ज्याच्या घरची चूल त्या दिवशीच्या मजुरीवर पेटते, त्याला रिकामे राहणे परवडतच नाही. तो मिळेल ते काम मिळेल त्या दराने पत्करतो. पदवीधराच्या पाठीशी बहुधा वडिलांचे निवृत्तिवेतन किंवा आईची शिल्लक असते. म्हणून तो वाट पाहू शकतो. शिक्षण निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. काम मिळाले म्हणजे शिकलेल्याची प्राप्ती न शिकलेल्यापेक्षा पुष्कळच अधिक असते. प्रश्न आहे तो वाट पाहण्यात जाणाऱ्या वर्षांचा.

या स्थितीचा सगळा दोष तरुणांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीनेच असे म्हटले आहे की, २०३० पर्यंत शेतीबाहेरच्या क्षेत्रांत दरवर्षी सुमारे ७८.५ लक्ष रोजगार निर्माण व्हावयास हवेत. एवढ्या जागा निर्माण करणे हे राज्यकर्त्यांचे आणि उद्योगपतींचे कर्तव्य आहे. विद्यार्थ्याला ते आपल्या हाताने करता येणार नाही. परंतु त्याच पाहणीत दुसराही एक आकडा आहे. महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या तरुणांपैकी सुमारे निम्मेच, म्हणजे शेकडा ५१.२५, कामावर घेण्यास योग्य समजले जातात. या उरलेल्या निम्म्यांना कशाची उणीव भासते, याचा विचार मात्र घरात बसून करता येतो.

माझ्या मते ही उणीव बुद्धीची नाही, आणि बहुतेक वेळा ज्ञानाचीही नाही. ती केलेल्या कामाची उणीव आहे. पदवी सांगते की या माणसाने अमुक विषय वाचला आहे. नोकरी देणाऱ्याला हवे असते ते पुढचे वाक्य : या माणसाने अमुक काम पूर्ण केले आहे. पहिल्या वाक्याला दुसऱ्याची जोड मिळाली नाही, तर पदवी भिंतीवर शोभते, पण दार उघडत नाही.

हा विचार आपल्याला परका नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन स्थापन केले आणि त्याची धुरा प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे सोपविली. पुस्तकातले रसायनशास्त्र रंगाच्या पिंपापर्यंत आणि यंत्रशास्त्र कारखान्याच्या पट्ट्यापर्यंत पोहोचावे, हा त्यामागील हेतू होता. पुढे भारतीय चित्रपटाचे जनक ठरलेले दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. १९०७ साली निघालेल्या अलेंबिक या औषधांच्या कारखान्याच्या संस्थापकांत गज्जरांबरोबर कोटीभास्कर आणि अमीन ही नावे येतात. विद्या आणि हुन्नर एकत्र नांदले म्हणजे नोकऱ्या मिळतात, आणि कधी कधी नोकऱ्या देणारेही तयार होतात, याचा हा आपल्या घरचाच दाखला आहे.

आज हे काम शिकावयाचे कोठे? आपल्या भाषेत त्यासाठी जुना शब्द आहे : उमेदवारी. सुतार, सोनार, वकील, छापखान्यातला जुळारी, सर्वांनीच उमेदवारी केली. पदवीधरांना मात्र ती कमीपणाची वाटते. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा प्रारंभी कारागिरांसाठी होता; १९७३ च्या दुरुस्तीने त्यात अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक आले, आणि २०१४ च्या दुरुस्तीने कला, वाणिज्य, विज्ञान अशा इतर शाखांच्या पदवीधरांनाही दार उघडले. तीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांना शेकडा २.५ ते १५ या प्रमाणात शिकाऊ उमेदवार घेणे २०१९ च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. उमेदवाराला विद्यावेतन मिळते, आणि पदवीधरांच्या बाबतीत किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलते. गुजरात, मध्यप्रदेश आणि गोवे यांचा कारभार मुंबईच्या प्रशिक्षण मंडळाकडे, तर कर्नाटक व तेलंगण यांचा चेन्नईच्या मंडळाकडे आहे. पगाराच्या मानाने ही रक्कम लहान खरी, पण वर्षाअखेरीस हाती येणारे प्रमाणपत्र "अनुभव आहे काय?" या प्रश्नाचे पहिले उत्तर असते.

प्रत्येक शाखेला आपले काम शोधता येईल. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला जमाखर्चाची तत्त्वे पाठ असतात. पण एखाद्या लहान दुकानदाराची वर्षाची बिले घेऊन त्यांचा बँकेच्या खात्याशी मेळ घालणे आणि जीएसटीचे विवरणपत्र वेळेवर भरणे, हे त्याने एकदा तरी स्वतः केले आहे काय? गोव्यात वेर्ण्याला आणि हैदराबादेच्या परिसरात औषधांचे मोठे कारखाने आहेत. तेथे रसायनशास्त्राच्या पदवीधराकडून सूत्रांइतकीच शिस्तीचीही अपेक्षा असते : उपकरणावरचा आकडा पाहिल्याक्षणी लिहावयाचा, तारीख घालावयाची, सही करावयाची. जे लिहिले नाही ते झालेच नाही, असे त्या धंद्यात मानतात. बेळगावच्या उद्यमबागेतील ओतशाळांत किंवा इंदूरजवळच्या पिथमपूरच्या कारखान्यांत नकाशा वाचून सुटा भाग हातात धरणारा, आणि तो का बिघडला हे सांगू शकणारा अभियंता हवा असतो.

आता कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना, आणि खरे तर आपणा सर्वांनाच, एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी मुलाजवळ एक धन असते, आणि तो ते धन म्हणून मोजतच नाही. घरात मराठी, अंगणात गुजराती किंवा कन्नड किंवा तेलुगू, बाजारात हिंदी, शाळेत इंग्रजी. चार भाषा त्याच्या कानावरून जातात. पण पुष्कळदा तो शेजारची भाषा बोलतो आणि लिहीत नाही. सरकारी बँकांतील कारकुनी श्रेणीच्या जागांसाठी, जेथली जागा असेल त्या राज्याची राजभाषा वाचता, लिहिता आणि बोलता यावी लागते. बाजारात अस्खलित कन्नड बोलणारा बेळगावचा मुलगा केवळ लिपीसाठी अशी संधी गमावतो, यापरते दुर्दैव कोणते? मातृभाषेचा अभिमान आणि शेजारभाषेचे लेखन यांत वैर नाही. रोज अर्धा तास दिला तर वर्षभरात ही उणीव भरून निघते, आणि तिला खर्च जवळजवळ नाहीच.

अखेरीस यंत्राविषयी दोन शब्द. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालात मालकांचा असा अंदाज आहे की, २०३० पर्यंत कामगारांच्या मुख्य कौशल्यांपैकी शेकडा ३९ बदलतील किंवा जुनी होतील. त्यांनी सर्वांत वरचे स्थान दिले ते विश्लेषक विचारशक्तीला. आज कृत्रिम बुद्धिमत्ता कोणालाही सुबक अर्ज लिहून देते; त्यामुळे सुबक अर्जाने आता कोणी उठून दिसत नाही. मुलाखतीत समोरचा माणूस विचारतो : यातले तुम्ही स्वतः काय केले? कोठे अडलात? अडचण कशी सोडविली? यंत्राने काढलेला हिशेब चूक आहे हे ओळखावयास आधी तो हिशेब स्वतःला यावा लागतो. यंत्र अवश्य शिकावे, पण त्याच्यावर देखरेख करण्याइतके आपले काम पक्के असावे.

पालकांना माझी विनंती आहे की, स्पर्धापरीक्षेला बसणाऱ्या मुलाला नाउमेद करू नका. मात्र किती वेळा बसावयाचे हे पहिल्या प्रयत्नाआधीच ठरवा, आणि त्या काळातही आठवड्याचे काही तास खऱ्या कामाला द्यावयास लावा. तरुणांना सांगावयाचे ते एवढेच की, एक वही करा. तिच्यात वाचलेले नव्हे, तर पूर्ण केलेले काम तारखेनिशी लिहा : कोणासाठी केले, काय चुकले, काय सुधारले. वर्षाअखेर त्या वहीची दहा पाने भरली असतील, तर मुलाखतीला जाताना पाय लटपटणार नाहीत. आणि पाने कोरीच राहिली, तर नवी पदवी घेण्यापूर्वी ती आधी भरावयास घ्या.