बरं चाललंय

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



माईक हातात आला की मला अजून घाम फुटतो. वक्तृत्व स्पर्धेत तिसऱ्या वाक्याला विसरून मी खाली बसले होते, हे तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. म्हणून आज कागदावर लिहून आणलंय.

सकाळपासून प्रत्येक जण विचारतोय, "काय करतेस? कसं चाललंय?" मी म्हणते, "बरं चाललंय." खरं सांगते, मागच्या मेळाव्याला मी याच प्रश्नाच्या भीतीनं आले नव्हते. कुणी इंजिनिअर, कुणी बँकेत, कुणी दुबईला. मी बारावीनंतर लग्न होऊन माण तालुक्यात गेले, आणि पाच गाई सांभाळते. यात सांगण्यासारखं काय आहे, असं वाटायचं.

पहाटे साडेचारला माझा दिवस सुरू होतो. दाराची कडी वाजली की गोठ्यातून हंबरणं सुरू. शेणघाण, वैरण, मग धारा. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण पेंड कालवायला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. सहाच्या आत हे कॅन घेऊन डेअरीवर जातात. तिथं फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ च्या खाली गेलं की दर कापला जातो. दर दहा दिवसांच्या बिलाचा हिशोब मी स्वतः तपासते. सर, तुमच्याकडं शिकलेली शेकडेवारी अशी रोज कामाला येते. तेव्हा मात्र फार रडवलंत!

२०२२ साली आमच्याकडं लम्पी आला. जनावरांचे बाजार बंद झाले. आमच्या सगळ्यात दुधाळ गाईच्या अंगावर गाठी उठल्या, पाय सुजले, चारा सुटला. डॉक्टर रोज येत होते. आम्ही तिला वेगळी बांधली, गोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला. अकराव्या दिवशी ती गेली. खोल खड्डा घेऊन तिला पुरली. हे तिकडून आले ते दावं हातात घेऊन ओट्यावर बसले, रात्री जेवलेही नाहीत. मागं तीन महिन्यांची कालवड राहिली होती.

तेव्हा मी सासूबाईंना म्हणाले, "आत्या, पुरे झालं हे. सगळ्या विकून टाकू." त्या काहीच बोलल्या नाहीत. पातेल्यात दूध कोमट केलं, बाटलीत भरलं आणि कालवडीजवळ जाऊन बसल्या. ती तोंड लावीना. आत्यांनी बोटं दुधात बुडवून तिला चाटवली. अर्ध्या तासानं ती बाटली ओढायला लागली, तेव्हा आत्या हसल्या. त्या आठवड्यात आमच्या घरात कुणीतरी पहिल्यांदा हसलं होतं. गाई विकायचा विषय मी पुन्हा काढला नाही.

तोपर्यंत पहाटेचं हंबरणं म्हणजे मला कामाचा भोंगा वाटायचा. गोठ्यातली एक जागा रिकामी झाल्यावर कळलं की हेच आपलं सुख होतं. आत्यांची कुरकुर, ह्यांचा बिनसाखरेचा चहा, साताऱ्याला शिकणारी लेक. तिचा फोन आला की आधी कालवडीची चौकशी, मग आईची! बेंदराला शिंगं रंगवताना रंग जास्त आमच्याच अंगाला लागतो. हे सगळं रोज होतं, म्हणून मोजायचं राहून गेलं होतं.

दूधदर पडतो, पेंडीचं पोतं महाग होतं, उन्हाळ्यात वैरणीची चिंता असते. यातलं काही संपलेलं नाही. तरीही आता कुणी विचारलं तर "बरं चाललंय" हे मी मान वर करून सांगते. पूर्वी ते विषय टाळायला म्हणत होते.

शेवटची गोष्ट. ती बाटलीवर वाढलेली कालवड चार दिवसांपूर्वी व्यायली. गोरी कालवड झालीय. वासराला पोटभर पाजून उरलेल्या चिकाचा आज पहाटे खरवस केला. तुम्हा सगळ्यांसाठी मोठा डबा आणलाय, मागच्या टेबलावर ठेवलाय. आत्यांनी बजावलंय, "आधी तुझ्या मास्तरांना दे, मग बाकीच्यांना."

तेव्हा सर, बाई, आधी तुम्ही चला. बाकीच्यांनी रांगेत यायचं, प्रार्थनेला यायचो तसं!