संचय आणि संग्रह



आजच्या भाषणासाठी आम्ही हा विषय निवडला, तेव्हा एका स्नेह्यांनी विचारले, ‘जुन्यापान्या वस्तूंच्या गोष्टी सांगून ज्ञातीचे कोणते हित साधणार?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर यथामती देण्याचा हा प्रयत्न आहे.

वस्तू जमविणे हा मनुष्याचा स्वभावच आहे. लहान मूल शंखशिंपले, मोरपिसे, काड्यापेटीवरील चित्रे जमविते आणि त्यांतील एखादे हरवले तर जेवतही नाही. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचे मर्म सांगितले आहे. मनुष्य ज्याला ज्याला ‘माझे’ म्हणतो, ते सर्व त्याच्या ‘मी’पणात सामावलेले असते. म्हणून वस्तू गेली की आपलाच एक अंश गेला, असे त्यास वाटते.

मात्र संचय वेगळा आणि संग्रह वेगळा. निरुपयोगी वस्तूही टाकवत नाहीत, घरात पाऊल ठेवण्यास जागा उरत नाही, अशा अतिसंचयाला अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली स्वतंत्र विकार म्हणून स्थान दिले. संग्राहक याहून निराळा. तो निवड करतो, वस्तूंची संगती लावतो, नोंद ठेवतो आणि आलेल्यास हौसेने दाखवितो. संचयाचे दार आतून बंद असते, संग्रहाचे दार लोकांसाठी उघडते.

तंजावरचे सरफोजीराजे भोसले यांचेच उदाहरण घ्या. सत्ता इंग्रजांच्या हाती गेल्यावर हा राजा विद्येकडे वळला. काशीयात्रेस गेले असतानाही त्यांनी पोथ्या मिळविल्या. १८३२ साली ते निवर्तले. त्यांचे राज्य आज नाही, परंतु सरस्वती महाल ग्रंथालय आहे आणि १९१८ पासून ते सर्वांस खुले आहे.

राजाला हे साधले यात नवल काय, असे कोणी म्हणेल. त्यांनी पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांकडे पाहावे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमविण्यास आरंभ केला. त्यांनी काय जमविले? दिवे, अडकित्ते, फण्या, दौती, कुलुपे, वाद्ये. ज्या वस्तूंना बखरीत स्थान नाही, त्या माजघरातल्या आणि ओसरीवरच्या वस्तू! त्यांचा राजा नावाचा मुलगा बालवयातच गेला. त्याच्याच नावाने त्यांनी हा संग्रह उभा केला आणि पुढे तो शासनाच्या, म्हणजेच लोकांच्या, स्वाधीन केला. १९९० साली केळकर गेले, तेव्हा सुमारे वीस हजार वस्तू मागे राहिल्या होत्या. एका पित्याचे दुःख असे समाजाचे धन झाले.

कागदांच्या बाबतीत हेच कार्य इतिहासाचार्य राजवाडे यांनी केले. गावोगाव हिंडून, लोकांची मनधरणी करून त्यांनी दप्तरे मिळविली. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचे बावीस खंड निघाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यातही त्यांचाच पुढाकार होता.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. ती सांगताना आम्हांस लाज वाटते. आमच्या आजोबांचे मोडी कागदांचे एक गाठोडे माळ्यावर होते. आम्हांस मोडी येत नव्हती आणि ती शिकण्याची इच्छाही नव्हती. एका पावसाळ्यात सरपण ओले झाले, तेव्हा ते कागद आम्ही स्वहस्ते बंबात घातले. पाणी छान तापले! पुढे आमच्या नातीने विचारले, ‘आजोबा, आपण मूळचे कुठले? या गावी का आलो?’ आमच्यापाशी उत्तर नव्हते. कदाचित ते त्या गाठोड्यात असेल, कदाचित नसेलही. आता ते कळण्याचा मार्ग आम्हीच जाळून टाकला आहे.

म्हणून आमचे मागणे थोडेच आहे. सर्व काही साठवून घराची अडगळ करा, असे आम्ही सांगत नाही. घर आवरताना प्रत्येक कुटुंबाने एखादीच वस्तू निवडावी. ती कोणाची, कोठून आली, कशासाठी वापरीत, हे एका चिठ्ठीवर लिहून तिच्यासोबत ठेवावे. हे सांगू शकणारी वडीलधारी माणसे आहेत तोवरच हे करावे, कारण चिठ्ठीवाचून अडकित्ता म्हणजे नुसते लोखंड होय. मोडी कागद असतील तर जाणकारास दाखविल्याविना ते रद्दीत घालू नयेत. आणि घरात सांभाळणे अशक्य झाले, तर एखाद्या संग्रहालयास अथवा संशोधनसंस्थेस द्यावेत.

आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाचे उत्तर हेच. पुढच्या पिढीने ‘आपण कोण?’ असे विचारले, तर घरात दाखविण्यासारखे काहीतरी असावे. आमच्या हातून जे घडले, ते आपल्या हातून न घडो, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.