सूत्रधाराने किती बोलावे?



चांगदेवांच्या गावात येऊन लिहून आणलेले भाषण वाचायचे म्हणजे थोडे अवघडच. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचे, तर वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार, हे न उमगून चांगदेवांनी कोरा कागदच धाडला, ही कथा तुमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असणार. त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर आले. आज मी ज्या खेळाविषयी बोलणार आहे, त्यात सूत्रधाराने असाच कागद पुढे करायचा असतो. मी मात्र चौदा पाने भरून घेऊन बसलो आणि फसलो. ती हकीकत सांगण्यासाठीच आज उभा आहे.

प्रथम खेळ काय ते सांगतो. चारपाच जण सतरंजीवर बसतात. प्रत्येक जण कोणी तरी होतो : कोणी शिपाई, कोणी वैदू, कोणी चोर. एक जण मात्र कोणीच होत नाही, किंवा उरलेले सगळे जग होतो. इंग्रजीत त्याला गेम मास्टर म्हणतात. आपण सूत्रधार म्हणू. तो सांगतो, ‘रात्र झाली आहे, नदीला पूर आहे, नाव पलीकडच्या तीरावर आहे. काय करता?’ खेळणारे आपापले सांगतात. जे जमेल की नाही याची शंका असते, तेवढ्यापुरता फासा टाकायचा. पट नाही, सोंगट्या नसल्या तरी चालते, आणि बहुधा कोणी जिंकत नाही. कोणी जिंकत नाही हे ऐकून आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, ‘मग खेळायचे कशाला?’ त्यांना मी उलट विचारले, ‘कीर्तनाला जाता ते जिंकायला जाता काय?’

याचे मूळ मोठे गमतीचे आहे. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी नकाशावरचे युद्ध खेळत. राइसवित्झ पितापुत्रांनी 1812 ते 1824 या काळात त्याचे नियम बसवले. त्यात एक पंच असे. पुढे 1876 साली व्हर्दी द्यु व्हर्नुआ नावाच्या सेनाधिकाऱ्याने नियमांचे ते जंजाळ दूर सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर भर दिला. म्हणजे, पुस्तक मोठे की पंच मोठा, हा वाद जुनाच आहे.

त्यानंतरची गोष्ट 1969 ची, अमेरिकेतली. डेव्हिड वेस्ली या गृहस्थाने ब्राउनस्टाइन नावाच्या कल्पित गावावर एक लढाई रचली, आणि सैन्याबरोबर गावातल्या माणसांच्या भूमिकाही खेळाडूंना वाटून दिल्या. झाले असे की लढाई राहिली बाजूला आणि खेळाडू आपापल्या भानगडी करीत सुटले. दोघांनी तर द्वंद्वच मांडले. त्याचे नियम वेस्लीकडे कुठले असणार? त्याला जागच्या जागी ते रचावे लागले. खेळ साफ बिघडला असे समजून तो खट्टू झाला. आणि खेळणारे म्हणू लागले की पुन्हा असाच मांड! त्या मंडळींत डेव्ह आर्नसन होता. त्याने आणि गॅरी गायगॅक्सने मिळून 1974 साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ काढला. तीन लहान पुस्तिका, पहिल्या छपाईच्या हजार प्रती. आज जगभर हा खेळ चालतो आणि पुण्यामुंबईची मुलेही तो खेळतात.

पण खरे सांगू? ही कला आपल्याला अगदीच परकी नाही. तळकोकणात दशावतार पाहिलेले कोणी येथे असतील, तर त्यांना माझे म्हणणे लगेच पटेल. तेथे पडद्याआड संहिता धरून कोणी बसत नाही. आज आख्यान कोणते, राजा कोण, राक्षस कोण, एवढे रंग लावण्याच्या वेळी ठरते. आणि मग एका बाकाच्या आधाराने, पेटी-पखवाजाच्या साथीने, रात्रभर स्वयंस्फूर्त संवाद चालतात. समोरच्याने टाकलेले वाक्य झेलायचे आणि परतवायचे. तमाशातल्या वगातला सोंगाड्याही हेच करतो. फरक एवढाच की दशावतारात शेवट ठरलेला असतो; राक्षस मरणारच. या खेळात तो ठरलेला नसतो, निदान नसावा. सूत्रधाराची परीक्षा तिथे होते.

आता माझी हकीकत. मी पेशाने शिक्षक, आता निवृत्त. उन्हाळ्याच्या सुट्टीत नातू हा खेळ घेऊन आला आणि म्हणाला, ‘आजोबा, तुम्ही गोष्टी सांगता, तुम्हीच सूत्रधार व्हा.’ राक्षस-ड्रॅगन मला काही जमेनात. मी 1972 चा दुष्काळ घेतला. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. खडी फोडण्याचे काम, तांबडी मिलो, सुकडी हे सगळे डोळ्यांनी पाहिलेले. बेत असा केला : विहीर आटते, सारे गाव दुष्काळी कामावर जाते, तेथे हजेरीपटात खोटी नावे सापडतात आणि मुले ती लबाडी उघडी पाडतात. छान चौदा पाने झाली.

पाच मुले होती. त्यांतली शेजारची एक चौदा वर्षांची मुलगी म्हातारी झाली होती. गाव निघाले तेव्हा ती म्हणाली, ‘मी येत नाही. बैल कोण बघणार?’

बंधुभगिनींनो, माझी चौदा पाने कामावरच्या तळावर होती आणि म्हातारी घरी बसली होती! मी सूत्रधार; जग माझ्या हातात. मी कडबा संपवला. ती म्हणाली, पाला तोडून आणीन. मी झाडे वाळवली. तिने फासा मागितला, तर मी म्हणालो, फाशाचा प्रश्नच नाही, पाला नाहीच. मग शेजारणीला गावाबाहेर पाठवले. शेवटी तिने फासा माझ्यापुढे ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाली, ‘आजोबा, मग तुम्हीच खेळा ना.’

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण पोरीने जे केले ते माझ्या आजीने केले होते. 1972 साली आम्ही सारे कामावरच्या तळाला गेलो आणि ती दोन बैलांपाशी एकटी राहिली. चार महिने तिने कसे काढले, हे मी तिला कधी विचारले नाही. ती गेली त्यालाही आता किती वर्षे झाली. आणि मी त्याच वर्षाचा खेळ रचला, तर त्यात मागे राहणाऱ्या माणसाला जागाच ठेवली नव्हती.

दुसऱ्या संध्याकाळी मुलांची क्षमा मागितली. मुले मोठी उदार असतात. ‘चला, चला, सुरू करा’ म्हणाली. मी पाने मिटवली आणि त्या मुलीला विचारले, ‘म्हातारी काय करते?’ तिने थोडा विचार केला आणि मलाच प्रश्न टाकला, ‘घरावर काय आहे? पत्रे की गवत?’

मला सांगता येईना. सूत्रधाराला सगळे ठाऊक असावे असा समज आहे, तो खोटा. ठाऊक नसेल ते खेळणाऱ्यांना विचारावे, किंवा जाणत्याला. मी थोरल्या भावाला फोन लावला. तो ऐंशीकडे झुकलेला आहे. प्रश्न ऐकून क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, ‘आपण गेलो तेव्हा गवत होतं. परत आलो तेव्हा नव्हतं.’

मी मुलांना ते तसेच सांगितले. मग तिने फासा मागितला : एवढ्या गवतावर दोन्ही बैल निभतील का? या वेळी मी तो दिला. पडेल ते मान्य करायची तयारी असेल तरच फासा हातात द्यावा, नाही तर देऊच नये, हे मी आदल्या दिवशी शिकलो होतो. एक बैल निभला. बाकीची चार मुले कामावरच्या तळाहून तिला सुकडी पोचवायची कशी, याच्या खटपटीला लागली, आणि खेळ आणखी तीन संध्याकाळ चालला. हजेरीपटाची लबाडी काही कोणाला सापडली नाही. ती पाने अजून माझ्या टेबलाच्या खणात आहेत.