सतरा वेळा हरलेला घोडा

(तुळिंज येथे पालक व विद्यार्थ्यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून कोणी घोड्याची गोष्ट सांगायला उभा राहिला, तर ऐकणाऱ्याच्या मनात शंका येणारच. त्यातून तो घोडा शर्यतीचा! तेव्हा आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. घोड्यावर पैसे लावणे हा जुगार आहे आणि जुगार आपल्याला हराम आहे. या जुगाराने कित्येक घरांतल्या चुली विझवल्या आहेत. परंतु घोडा पाळणे, त्याला तयार करणे आणि पळवणे ही निराळी गोष्ट आहे. मदिनेत हजरत पैगंबर (स.) यांनी घोड्यांच्या शर्यती लावल्याची नोंद हदीसमध्ये आहे. आज मी जे सांगणार आहे ते घोड्याच्या तयारीविषयी आणि त्याला तयार करणाऱ्या माणसांविषयी आहे.

आपल्या या परिसराला घोडा परका नाही. तुळिंजच्या शेजारचे सोपारा हे एके काळचे मोठे बंदर. दहाव्या शतकातील अरब लेखक अल-मसूदी याने 'सुबारा' या नावाने त्याचा उल्लेख केला आहे. अरबस्तान आणि इराणमधून घोडे गलबतात भरून याच पश्चिम किनाऱ्यावर येत. ठाण्याच्या राजाला घोड्यांची एवढी ओढ होती की समुद्री चाच्यांनी लुटीतले घोडे त्याला द्यायचे असा करारच होता, असे मार्को पोलोने लिहून ठेवले आहे. आजही चर्चगेटच्या गाडीने जाताना महालक्ष्मी स्थानक येते. तिथले रेसकोर्स १८८३ सालचे, आणि १९४३ पासून इंडियन डर्बी तिथेच धावली जाते.

शर्यतीच्या घोड्याची जी जात जगभर धावते, तिच्यातल्या प्रत्येक घोड्याचे पितृकुळ तीन घोड्यांपैकी एकाशी जाऊन मिळते. ते तिन्ही घोडे अरब आणि तुर्की मुलखांतून इंग्लंडला नेलेले होते. त्यांतला एक ट्यूनिसहून फ्रान्समार्गे इंग्लंडात गेला आणि गोडॉल्फिन अरेबियन या नावाने प्रसिद्ध झाला. ज्याची हकीकत मला सांगायची आहे, तो अमेरिकेतला घोडा याच गोडॉल्फिनच्या वंशातला. त्याचे नाव सीबिस्किट. पूर्वी खलाशांना लांबच्या प्रवासात खाण्यासाठी देत ते कडक बिस्कीट, असा त्या नावाचा अर्थ. आपल्याकडे चहात बुडवून खातात त्या टोस्टचाच हा भाऊ समजा!

सीबिस्किट २३ मे १९३३ रोजी जन्मला. त्याचा आजोबा मॅन ओ' वॉर हा अमेरिकेतला नामांकित घोडा. घराणे मोठे होते, पण रूप बेताचे. अंगाने ठेंगणा, गुडघे बेढब, आणि खाणे व झोपणे या दोन्ही गोष्टींची भारी आवड. पहिल्या १७ शर्यतींत तो एकदाही पहिला आला नाही. एका शर्यतीत तो अडीच हजार डॉलरला विकाऊ होता, तरी कोणी घेतला नाही. 'आळशी' असा शिक्का त्याच्यावर बसला.

आता त्याला मिळालेली वागणूक पाहा. दोन वर्षांच्या त्या कोवळ्या जनावराला १९३५ या एका सालात ३५ वेळा पळवण्यात आले. तबेल्यातल्या अधिक गुणी घोड्यांबरोबर सरावात त्याला जोडीला पळवत आणि मुद्दाम मागे ठेवत. दुसऱ्यांचा आत्मविश्वास वाढावा म्हणून याने हरायचे! अशा जनावराने पळण्याचा कंटाळा केला, तर दोष कोणाचा?

१९३६ च्या ऑगस्टमध्ये त्याला आठ हजार डॉलरला एक नवा मालक मिळाला आणि तीन माणसे त्याच्या आयुष्यात आली. तिघेही आपापल्या परीने दुखावलेले होते. मालक चार्ल्स हॉवर्ड सायकल दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात करून मोटारींचा मोठा व्यापारी झाला होता. पण १९२६ मध्ये त्याचा फ्रँक नावाचा लहान वयाचा मुलगा मोटार अपघातात गेला. जवळपास इस्पितळ नव्हते. पुढे विलिट्स या गावी त्या मुलाच्या नावाने इस्पितळ उभे राहिले. दुःखाचे लोकोपयोगी कामात रूपांतर कसे करावे, हे त्या बापाकडून शिकावे.

दुसरा ट्रेनर टॉम स्मिथ. उघड्या माळरानावर जंगली घोडे माणसाळवण्यात याची हयात गेली होती. बोलणे अगदी मोजके. तो तासन्‌तास घोड्याकडे नुसता पाहत बसे.

तिसरा जॉकी रेड पोलार्ड. मूळचा कॅनडाचा. पोरवयातच परमुलखात एकटा पडलेला, पोटासाठी मुष्टियुद्ध खेळलेला, आणि तरीही सामानात शेक्सपिअर आणि उमर खय्यामची पुस्तके बाळगणारा. सरावात डोक्याला मार लागून त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली होती. ही गोष्ट त्याने लपवून ठेवली, कारण एका डोळ्याच्या जॉकीला घोड्यावर कोण बसू देणार?

स्मिथने चाबूक बाजूला ठेवला. घोड्याचे वजन भरू दिले, दुखऱ्या पायांवर इलाज केला, सकाळी त्याला हवे तेवढे झोपू दिले. तो बेचैन असतो, हे पाहून सोबतीला एक बकरी ठेवली. सीबिस्किटने तिला उचलून बाहेर टाकले! मग पंपकिन नावाचा एक शांत घोडा आणला. त्या दोघांची दोस्ती जमली आणि सीबिस्किट निवांत झाला. घोडा तोच, पाय तेच, मात्र त्याच्याकडे पाहण्याची नजर बदलली होती. १९३७ साली तो १५ शर्यती धावला आणि त्यांतल्या ११ जिंकला.

तो काळ अमेरिकेच्या महामंदीचा होता. १९३३ मध्ये तिथल्या दर चार कामगारांत एक बेकार होता. अशा वेळी कोणी न विचारलेला, ठेंगणा घोडा जिंकू लागला, तेव्हा रोजगार गमावलेल्या माणसाला तो आपलाच वाटला. त्याच्यासाठी लोक रेडिओला कान लावून बसू लागले.

मात्र यशाची वाट सरळ नव्हती. कॅलिफोर्नियातील सांता अनिताची मोठी शर्यत तो १९३७ मध्ये नाकभर अंतराने हरला. १९३८ मध्येही तसाच, नाकभर अंतराने हरला. त्या शर्यतीचा नियम असा की जो घोडा सरस, त्याच्या पाठीवर वजन जास्त. १९३८ च्या त्या शर्यतीत सीबिस्किटच्या पाठीवर १३० पौंड होते आणि जिंकणाऱ्या घोड्याच्या पाठीवर १००.

पालकहो, या तीस पौंडांचा आपण विचार करावा. आपल्या वस्तीत पहाटे पाणी भरून, धाकट्या भावंडांना सांभाळून, दहा बाय दहाच्या खोलीत अभ्यास करून परीक्षेला बसणारी मुलगी आणि घरात स्वतंत्र खोली, शिकलेले आईबाप असणारी मुलगी, या दोघींचा पेपर एकच असतो. पाठीवरचे वजन मात्र एक नसते. आपल्या मुलीचे दहा गुण कमी पडले, तर निकालपत्राबरोबर हे ओझेही मोजले पाहिजे. घरातले जे काम भावालाही वाटून देता येईल ते दिले, तर त्यातले काही पौंड आपणच उतरवू शकतो.

आता त्या प्रसिद्ध झुंजीकडे येतो. वॉर अॅडमिरल हा त्या काळचा अजिंक्य समजला जाणारा घोडा. १९३७ मध्ये त्याने अमेरिकेतील तिन्ही मानाच्या शर्यती जिंकल्या होत्या. तो मॅन ओ' वॉरचाच मुलगा, म्हणजे नात्याने सीबिस्किटचा चुलता, जरी वयाने एक वर्षाने लहान! १ नोव्हेंबर १९३८ रोजी बाल्टिमोरमधील पिमलिको येथे दोघांचीच शर्यत ठरली. या वेळी वजन दोघांच्या पाठीवर सारखे होते, १२० पौंड. सुमारे ४० हजार लोक मैदानावर होते आणि सुमारे चार कोटी रेडिओवर ऐकत होते असा अंदाज आहे. जाणकारांचा कौल वॉर अॅडमिरलच्या बाजूने होता.

वॉर अॅडमिरल सुरुवातीलाच मुसंडी मारणारा घोडा. म्हणून स्मिथने घरी बनवलेली घंटा वाजवून सीबिस्किटला घंटेसरशी सुटण्याची सवय लावली. पोलार्डचा पाय मोडल्यामुळे घोड्यावर त्याचा मित्र जॉर्ज वूल्फ बसला होता. पोलार्डने त्याला सल्ला दिला होता की प्रतिस्पर्ध्याला मध्येच जवळ येऊ दे. आपला घोडा त्याच्या डोळ्यांत पाहील, मग तो मागे राहणार नाही. तसेच झाले. सीबिस्किट आधी पुढे निघाला, वॉर अॅडमिरल बरोबरीला आला, काही काळ दोघे डोक्याला डोके लावून पळाले, आणि मग सीबिस्किटने त्याला मागे टाकले. चार घोडे एकापुढे एक उभे करावेत एवढ्या अंतराने तो जिंकला.

पुढच्याच वर्षी त्याच्या डाव्या पुढच्या पायाचा स्नायुबंध फाटला. घोड्याचे धावणे संपले असे सारे म्हणू लागले. हॉवर्डच्या मळ्यावर मोडलेल्या पायाचा जॉकी आणि दुखऱ्या पायाचा घोडा यांनी एकत्रच हळूहळू चालायला सुरुवात केली. २ मार्च १९४० रोजी दोघेही सांता अनिताला परत आले आणि दोनदा नाकभर अंतराने हुकलेली तीच शर्यत तिसऱ्या प्रयत्नात जिंकली. पाठीवर पुन्हा १३० पौंडच होते. एकूण ८९ शर्यती, ३३ विजय, आणि कमाईचा त्या वेळचा जागतिक उच्चांक, एवढा हिशोब मागे ठेवून तो निवृत्त झाला. १७ मे १९४७ रोजी तो मरण पावला. पुढे लॉरा हिलेनब्रँड या लेखिकेने दीर्घ आजाराशी झगडत त्याचे चरित्र लिहिले. २००१ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि तो घोडा नव्या पिढीला ठाऊक झाला.

अशी पारख आपल्या महाराष्ट्रातही झाली आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवून आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवायला पैसे नव्हते, तेव्हा गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले. शिष्यावर असा विश्वास टाकणारे गुरुजी ज्या समाजाला लाभतात, तो समाज भाग्यवान होय.

मग आपण काय करावे? मुलगा नववीत नापास झाला की 'याचे डोके चालत नाही, गॅरेजमध्ये लावा' असा निकाल आपण एका संध्याकाळी देऊन टाकतो. मुलगी असेल तर स्थळे पाहू लागतो. माझी विनंती एवढीच की निकाल देण्याआधी स्मिथप्रमाणे थोडे पाहावे. फळा दिसतो का, हे विचारावे. पोलार्डने नोकरी जाईल म्हणून डोळा लपवला, तशी कित्येक मुले हसे होईल म्हणून अंधुक दिसणे लपवतात आणि 'ढ' ठरतात. डोळ्यांच्या तपासणीला एक सकाळ लागते, पण शिक्का आयुष्यभर पुसत नाही. पहाटे शिकवणी, दिवसा शाळा, रात्री पुन्हा शिकवणी, असे ३५ शर्यतींचे वर्ष मुलाच्या नशिबी तर आले नाही ना, हे पाहावे. आणि थोरल्याची हुशारी उजळावी म्हणून धाकट्याला चारचौघांत हिणवू नये.

प्रत्येक घोडा सीबिस्किट होत नाही आणि प्रत्येक मुलगा पहिला येणार नाही, हेही खरे. गॅरेजचे कामही हलके नाही; हॉवर्डने सायकलीच दुरुस्त केल्या होत्या. परंतु मूल कामाला लागावे ते त्या कामात त्याचा जीव रमतो म्हणून, आपण त्याच्याकडे नीट पाहिले नाही म्हणून नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एकच सांगतो. सीबिस्किट १७ वेळा हरला, पण अठराव्या वेळी धावायला उभा राहिला. त्याच्यासाठी माणसांनी मेहनत घेतली, पण पाय त्यालाच उचलावे लागले. तुमची अडचण लपवू नका. ती शिक्षकांना सांगा, आईवडिलांना सांगा, आणि मग मेहनत करा. फळ देणारा अल्लाह आहे.

 खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.