स्लॉटमध्ये बसलं म्हणजे जमलं असं नाही

मी कुंभकोणमहून बोलतोय. तंजावूरच्या मराठी राज्याच्या काळात या मुलखात आलेल्या घरांपैकी आमचं एक. फौजेतून निवृत्त होऊन गावी परतलो, आणि आता नातेवाइकांचे लॅपटॉप दुरुस्त करणं हीच माझी ड्यूटी झाली आहे.

आजचा विषय आहे कार्ड आणि स्लॉट. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

दोन वर्षांपूर्वी ऐप्पसीच्या, म्हणजे आश्विन-कार्तिकातल्या पावसात माझ्या अक्काच्या घराचं छप्पर गळलं. माळ्यावरच्या आजोबांच्या मोडीतल्या हिशेबवह्यांचा लगदा झाला. नशीब एवढंच, की अक्कानं त्या पानांचे फोटो आधी काढून ठेवले होते. पण ते होते एकाच ६४ जीबीच्या एसडी कार्डात. दुसरी प्रत नाही.

ते कार्ड मी माझ्या जुन्या, विंडोज एक्सपीच्या लॅपटॉपमध्ये घातलं. टक् करून बसलं. पडद्यावर प्रश्न आला: कार्ड फॉरमॅट केलेलं नाही, आता करू का? अक्का मागून म्हणाली, "हो म्हण की रे, विचारतंय तर!" माझं बोट माऊसवरच होतं. 'हो' म्हटलं असतं, तर त्या वह्या दुसऱ्यांदा गेल्या असत्या.

कार्ड चांगलं होतं. लॅपटॉपला ते वाचता येत नव्हतं, एवढंच. एसडी कार्डाच्या तीन पिढ्या बघा: साधं एसडी २ जीबीपर्यंत, एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत आणि एसडीएक्ससी २ टीबीपर्यंत. तिन्हींचा आकार एकच, ३२ बाय २४ मिलिमीटर. पण एसडीएक्ससीवर फाइली ठेवण्याची पद्धत वेगळी असते, तिला एक्सफॅट म्हणतात. जुन्या एक्सपीला ती मुळात येत नाही. नवा स्लॉट जुनं कार्ड वाचतो, पण जुना स्लॉट नवं कार्ड वाचेलच असं नाही.

दोन वायरलेस सेटचे प्लग सारखे असले, तरी फ्रिक्वेन्सी वेगळी असेल तर बोलणं होत नाही. तसंच हे.

जुन्या लॅपटॉपच्या कडेला जो रुंद स्लॉट असतो, त्याचीही हीच गोष्ट. १९९० च्या सुमाराला आलेलं पीसी कार्ड ५४ मिलिमीटर रुंद. पुढे त्याच रुंदीत कार्डबस आलं. मग २००३ मध्ये एक्स्प्रेसकार्ड आलं, ते ३४ आणि ५४ मिलिमीटर अशा दोन रुंदींत. ५४ हा आकडा दोन्हीकडे आहे, पण आतली जोडणी निराळी. पीसी कार्डच्या स्लॉटमध्ये एक्स्प्रेसकार्ड चालत नाही.

आजच्या लॅपटॉपमध्ये आत एम डॉट टू स्लॉट असतो. तिथे २२८० लिहिलेलं दिसलं, तर अर्थ २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब. हा फक्त आकार झाला. स्टोरेजचं कार्ड साटा असू शकतं किंवा एनव्हीएमई. मी एकदा स्वस्त मिळालं म्हणून साटाचं कार्ड आणलं. छान बसलं, स्क्रूसुद्धा लागला, पण लॅपटॉपला दिसेना. तो स्लॉट फक्त एनव्हीएमईचा होता. पैसे वाया गेले, निदान माहिती तरी गेली नाही.

म्हणून खरेदीआधी तीन प्रश्न विचारा. आकार आणि खाच जुळते का? स्लॉटच्या मागची जोडणी तीच आहे का? आणि आपली विंडोज ते ओळखते का? लॅपटॉपच्या खालचा मॉडेल नंबर बघून कंपनीच्या माहितीपत्रकात ही उत्तरं शोधा. दुकानदाराच्या "बसेल हो साहेब" वर जाऊ नका.

आणि जपण्यासारखं काही कार्डात असेल, तर घालण्याआधी कार्डाच्या कडेची छोटी कळ लॉककडे सरकवा. बहुतेक रीडर मग त्यावर काही लिहीत नाहीत. फॉरमॅटचा प्रश्न आला, तर 'नाही' म्हणा, कार्ड काढा आणि दुसऱ्या, नव्या मशीनवर बघा.

आम्ही तेच केलं. भाच्याच्या नव्या लॅपटॉपवर सगळी पानं उघडली. आता त्यांच्या तीन प्रती आहेत, तीन घरांत. अक्का आजोबांचं अक्षर मोठं करून बघते. मोडी तिला वाचता येत नाही, मलाही नाही. पण वाचणारा भेटेपर्यंत पानं तरी शाबूत आहेत.

जय हिंद.