बांबू शिकायला चंद्रपूरला
(मेळाव्यात केलेले भाषण)



मघाशी माझी ओळख ‘पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनीअर’ अशी करून दिली. ते खरं आहे, पण त्यावर बोलायला लागले तर मागच्या दोन रांगा जेवणाच्या मंडपाकडे सरकतील. म्हणून वेगळं सांगते. गेल्या हिवाळ्यात तीन आठवडे रजा काढून मी चंद्रपूरला बांबूकाम शिकायला गेले होते.

गडचिरोलीच्या पोरीनं बांबू शिकायला दुसऱ्या शहरात जावं, यावर आई पोट धरून हसली. आपल्याकडे बांबू कमी का होता? बांबू भरपूर होता, हक्क नव्हता. १९२७ च्या वन कायद्यानं बांबूला झाड ठरवलं होतं. तो खरा गवताच्या कुळातला, हे आपल्याला जीवशास्त्रात शिकवलेलं, पण कायदा आपल्या वर्गात बसला नव्हता. बल्लारपूरच्या पेपर मिलकडे जाणारे बांबूचे ट्रक आपण मोजायचो, आठवतं? आणि सूप-टोपल्या करणाऱ्या बुरडाला चार बांबूंसाठी खेटे घालावे लागायचे. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज झाला, आणि २०११ मध्ये आपल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावच्या ग्रामसभेला आपल्या जंगलातला बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याचं पुस्तक मिळालं. तेव्हा मी पुण्यात होते. बातमी वाचली आणि पुन्हा कामाला लागले.

चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. आपली चंद्रपूरची एसटी त्याच गावावरून जाते. तिथं शिकलेल्या एका ताईंनी चंद्रपुरात दोन खोल्यांत कार्यशाळा थाटली आहे. मी त्यांच्याकडे शिकले.

मला वाटलं, विणायला शिकवतील. पहिले नऊ दिवस नुसतं चिरायला लावलं. मानवेल हातात घ्यायचा, पेरं साफ करायची, कोयत्यानं दोन फाका, मग चार, मग आठ. चीर मधोमध चालली तर ठीक, पण ती हटकून एका बाजूला पळते. एक काडी जाड, एक पातळ, आणि पातळ शेवटी तुटते. मी जोर लावत होते. माझ्या शेजारी धानोऱ्याकडची एक बाई बसायची. घरी गोंडी बोलायची, माझ्याशी आपली झाडीबोली. ती म्हणाली, “मॅडम, बांबूशी भांडता कायले? जाडी बाजू वाकवा. मंग चीर आपसूक मधात येते.” करून पाहिलं. जाड बाजू जास्त वाकवली की चीर खरंच तिकडे वळते आणि पुन्हा मध्यावर येते. याचं गणित मला मांडता येईल, पण तिच्या मनगटात ते आधीपासून होतं.

मग मी तिला विचारलं, तुला इतकं येतं तर इथं कशाला आलीस? ती म्हणाली, सूप-टोपली येते, पण ती बाजारात विकायला नेली की लोक घासाघीस करतात. तिला दिवे, ट्रे, खुर्च्या करायच्या होत्या. मापात काम शिकायचं होतं, आणि भुंगा लागू नये म्हणून बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात बांबू किती वेळ बुडवायचा, तेही. त्यासाठी तिनं चार वर्षांची मुलगी आईकडे ठेवली होती, चंद्रपुरात खोली भाड्यानं घेतली होती आणि तीन महिन्यांची मजुरी सोडली होती. माझ्या रजेचा पगार सुरू होता. आम्ही दोघी एकाच पोत्यावर बसायचो, पण शिकण्याचा खर्च असा वेगळा होता. नवव्या दिवशी माझ्या काड्या सारख्या निघाल्या तेव्हा ताईंच्या आधी तिनं त्या हातात घेऊन पाहिल्या. मग मला पहिली परडी विणायला मिळाली. ती आज समोरच्या टेबलावर आहे, फुलं तिच्यातच ठेवली आहेत. थोडी तिरकी आहे, फोटो उजवीकडून काढा.

आता कामाचं बोलते. आपल्या वेळी कार्यानुभवाच्या तासाला आपण आइस्क्रीमच्या काड्यांची घरं केली. बाई, तुम्ही पुढच्या रांगेत आहात, रागावू नका. तुम्हाला जे साहित्य मिळालं त्यात तुम्ही जीव ओतलात. पण इथून अर्ध्या तासावर बांबूचं रान आहे, आणि आपण दुकानातून काड्या विकत आणत होतो.

ती बाई आता गावी परतली आहे. मी तिला विचारलं, शाळेत येऊन आठवी-नववीच्या मुलांना शिकवशील का? ती म्हणाली, येईन, पण फुकट नाही, आणि बसभाडं वेगळं. मला हे उत्तर फार आवडलं. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे. शनिवारचे दोन तास द्यायला ते तयार आहेत. मानधन आपल्या बॅचनं द्यावं असं माझं म्हणणं आहे. वही मागच्या टेबलावर ठेवली आहे. कोयते मी आणते. मुलांसाठी हातमोजे कुणीतरी घ्या, आणि पहिल्या शनिवारी दोघातिघांनी इथं थांबा, कारण तीस मुलं आणि तीस कोयते हे एकट्या बाईचं काम नाही.