शेरा कोण मारतं, कशावरून?

मैत्रिणींनो, पुण्यातली सरकारी कचेरी असो की हिंजवडीतली कंपनी, वर्षाअखेरीला वरिष्ठ आपल्या कामावर शेरा मारतात. त्यावर बढती ठरते. सरकारी नोकरीत पूर्वी हा अहवाल गोपनीय असे. प्रतिकूल शेरा तेवढा कळवत. पण निकष ‘अतिशय चांगले’ असेल, तर नुसते ‘चांगले’सुद्धा बढती अडवते. म्हणून २००८ साली देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सरकारी नोकराला प्रत्येक शेरा कळवलाच पाहिजे. खासगी कंपनीला हा निकाल लागू नाही. तिथे आपणच मागायचे.

पण शेरा कळला म्हणजे न्याय झाला का? लष्करातल्या बायकांचे पाहा. त्यांना कायम नेमणूक नव्हतीच, म्हणून वरिष्ठांनी त्यांचे अहवाल वरवर लिहिले. पुढे तेच अहवाल पुरुषांच्या मापाने तोलून अनेकींना नाकारले. २०२१ साली नितिशा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटले.

माझे सांगणे एवढेच: प्रत मागा. कोणत्या कामावरून शेरा दिला, ते विचारा. हरकत लेखी द्या, पोच घ्या. आणि बाळंतपणाच्या रजेच्या वर्षीचे शेरे एकत्र बसून ताडून पाहा. एकटीला आपलेच काही चुकले असे वाटते. दहाजणींचे शेरे शेजारी ठेवले, की कचेरीची रीत दिसते.